ऑक्सफर्ड

ऑक्सफर्ड : इंग्लंडमधील इतिहासप्रसिद्ध विद्यापीठनगर व ऑक्सफर्डशर परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. १,६२,००० (२०२१). ते लंडनच्या वायव्येस सु. ९० किमी. वर टेम्स व तिची उपनदी चेरवेल यांच्या संगमावर वसले आहे. शहराच्या परिसरात टेम्सला ‘आयसिस’ या नावानेही ओळखतात. बैलांना पायी ओलांडता येईल असा नदीचा उतार येथे होता, त्यावरून शहराला हे नाव पडले.

पिवळसर चुनखडकाचे मनोरे, हिरवळीचे बंदिस्त चौक, जुनी ग्रंथालये आणि नदीकाठची कुरणे यांसाठी दरवर्षी असंख्य प्रवासी येथे येतात. हे सौंदर्य शांत विद्याव्यासंगातून आपोआप निर्माण झाले, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. वस्तुतः त्यामागे नगर व विद्यापीठ यांचा सु. सात शतकांचा कलह आणि त्यातून झालेले करार आहेत. विद्यापीठाच्या दाराआत कोणाला प्रवेश द्यावा आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्नही त्या कलहाइतकाच जुना आहे. शहरातील स्थळे या दृष्टीने पाहिली, म्हणजे त्यांचा परस्परसंबंध लक्षात येतो.

नगराचा उदय : आठव्या शतकात येथे संत फ्रिडेस्वाइड हिच्या नावाचा मठ होता, अशी परंपरा आहे. नगराचा लेखी उल्लेख प्रथम दहाव्या शतकाच्या प्रारंभी येतो. त्या वेळी डेनिश आक्रमणांविरुद्ध उभारलेल्या तटबंदीच्या नगरांपैकी ते एक होते. उत्तर वेशीजवळचा सेंट मायकेल चर्चचा मनोरा अकराव्या शतकातील असून तो शहरातील सर्वांत जुनी वास्तू मानला जातो. नॉर्मन विजयानंतर १०७१ मध्ये येथे किल्ला बांधण्यात आला. चार मुख्य रस्ते जेथे मिळतात, त्या चव्हाट्यास ‘कारफॅक्स’ म्हणतात. चार फाटे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव आले आहे. तेथील सेंट मार्टिन चर्च १८९६ मध्ये पाडण्यात आले. त्याचा सु. २३ मी. उंचीचा मनोरा मात्र राखण्यात आला असून वरून साऱ्या जुन्या शहराचे दर्शन घडते.

विद्यापीठ व नगर : ऑक्सफर्डमध्ये १०९६ च्या सुमारास अध्यापन चालू होते. दुसऱ्या हेन्रीने ११६७ मध्ये इंग्लिश विद्यार्थ्यांना पॅरिसला जाण्यास बंदी केल्यावर येथील विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. प्रारंभी विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. गुरुजन व विद्यार्थी नागरिकांच्या घरांत भाड्याने राहत आणि चर्चमध्ये सभा भरवीत. घरभाडे, धान्याचे भाव व मद्याची प्रत यांवरून उभयपक्षी सतत तंटे होत.

एका स्त्रीच्या हत्येचा आरोप एका विद्यार्थ्यावर येऊन तो पळून गेला, तेव्हा १२०९ मध्ये नागरिकांनी त्याच्या सोबत्यांना पकडून फाशी दिले. त्यामुळे अनेक अध्यापक व विद्यार्थी शहर सोडून गेले. त्यांतील काही केंब्रिजला स्थायिक झाले व तेथील विद्यापीठाचा पाया घातला गेला. पोपच्या प्रतिनिधीने १२१४ मध्ये तडजोड घडवून आणली. तीनुसार विद्यार्थ्यांचे घरभाडे दहा वर्षे निम्मे करण्यात आले आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी नगराने दरवर्षी ठराविक रक्कम द्यावी असे ठरले. विद्यापीठाच्या विशेषाधिकारांचा प्रारंभ या तडजोडीपासून होतो.

सर्वांत भीषण दंगल १० फेब्रुवारी १३५५ रोजी, संत स्कोलास्टिकाच्या दिवशी उसळली. कारफॅक्सजवळच्या एका मद्यगृहात काही विद्यार्थ्यांनी मद्य वाईट असल्याची तक्रार केली. शब्दाला शब्द लागून मद्य मालकाच्या अंगावर फेकले गेले. नागरिकांनी सेंट मार्टिनची घंटा वाजवून लोक जमविले आणि विद्यापीठाने सेंट मेरी चर्चची घंटा वाजविली. पुढे दोन-तीन दिवस चाललेल्या मारामारीत ६३ विद्यार्थी व सु. ३० नागरिक मृत्यू पावले, असे परंपरा सांगते. तिसऱ्या एडवर्डने निकाल विद्यापीठाच्या बाजूने दिला. पाव व मद्य यांचे दर आणि वजनेमापे यांवरील नियंत्रण विद्यापीठाकडे आले. शिवाय दरवर्षी त्या दिवशी महापौर व प्रमुख नागरिकांनी सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन प्रत्येक मृत विद्यार्थ्यामागे एक याप्रमाणे ६३ पेनी अर्पण कराव्यात, असा दंड ठोठावण्यात आला. हा विधी १८२५ पर्यंत, म्हणजे सु. पावणेपाचशे वर्षे, चालू राहिला. दंगलीला सहाशे वर्षे झाली तेव्हा, १९५५ मध्ये, विद्यापीठाने महापौरांना सन्माननीय पदवी दिली, तर नगराने कुलगुरूंना सन्माननीय नागरिकत्व दिले. मद्यगृहाच्या जागी आता भिंतीवर केवळ एक कोरीव शिळा आहे.

महाविद्यालये : अशा वातावरणात विद्यार्थ्यांना सुरक्षित निवारा देण्याच्या गरजेतून महाविद्यालये निघाली. येथील महाविद्यालय म्हणजे मूलतः निवास, भोजनगृह, प्रार्थनामंदिर व ग्रंथालय असलेले स्वतंत्र, स्वायत्त कुटुंब होय. युनिव्हर्सिटी (१२४९), बेलिअल (१२६३) व मर्टन (१२६४) ही सर्वांत जुनी होत. आज महाविद्यालयांची संख्या तीसहून अधिक आहे. व्याख्याने व परीक्षा यांची व्यवस्था आणि पदवीदान ही विद्यापीठाची कामे असून विद्यार्थ्यांची निवड आणि त्यांना वैयक्तिक मार्गदर्शन हे महाविद्यालयांचे क्षेत्र आहे. त्यामुळे ‘विद्यापीठ कोठे आहे?’ या नवागताच्या प्रश्नाला येथे एका इमारतीकडे बोट दाखवून उत्तर देता येत नाही.

मर्टनमधील ‘मॉब क्वाड’ हा चौक चौदाव्या शतकात पूर्ण झाला. त्याच्या वरच्या मजल्यावर त्याच शतकातील ग्रंथालय असून तेथे एके काळी ग्रंथ साखळीने मांडणीला बांधलेले असत. मध्ये मोकळी जागा, चारही बाजूंनी खोल्या आणि रस्त्याकडे एकच देवडीचा दरवाजा, ही रचना मराठी वाचकाला जुन्या वाड्याची आठवण करून देईल. मात्र येथे दरवाजा बंद ठेवण्याचे कारण शेजारचे नगरच होते. रस्त्यावरून केवळ उंच भिंती दिसाव्यात आणि हिरवळ आत दडलेली असावी, या ऑक्सफर्डच्या वैशिष्ट्याचे मूळ त्या काळच्या भयात आहे.

क्राइस्ट चर्च हे येथील सर्वांत भव्य महाविद्यालयांपैकी एक. कार्डिनल वूल्झी याने फ्रिडेस्वाइडचा मठ बंद करून १५२५ मध्ये ते सुरू केले. त्याच्या पतनानंतर आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये त्याची पुनःस्थापना केली. महाविद्यालयाचे प्रार्थनामंदिर हेच बिशपच्या क्षेत्राचे मुख्य चर्च, अशी विलक्षण व्यवस्था तेथे आहे. प्रवेशद्वारावरील ‘टॉम टॉवर’ (१६८१–८२) क्रिस्टफर रेनने रचिला. त्यातील घंटा रोज रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ ठोके देते. मूळच्या १०१ विद्यार्थ्यांसाठी ती दारे मिटण्याची सूचना होती. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेस सव्वा अंशावर असल्याने तेथील स्थानिक वेळ पाच मिनिटे मागे पडते. घंटा आजही ती जुनी वेळ पाळते. येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी महाविद्यालयप्रमुखाच्या मुलींना ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात सांगितलेली गोष्ट पुढे लूइस कॅरल या नावाने लिहिलेल्या ॲलिसच्या कथेच्या (१८६५) रूपाने जगभर गेली.

ग्रंथालये व सभागृहे : हाय स्ट्रीटवरील सेंट मेरी चर्च हे विद्यापीठाचे पहिले सभागृह, न्यायालय व ग्रंथागार होते. त्याच्या उत्तरेस रॅडक्लिफ चौक असून तेथून बॉडलियन ग्रंथालयाच्या इमारती सुरू होतात. हम्फ्री या उमरावाने दिलेल्या हस्तलिखितांसाठी ‘डिव्हिनिटी स्कूल’ या देखण्या कमानीदार दालनावर ग्रंथालय बांधण्यात येऊन ते १४८८ मध्ये खुले झाले. धर्मसुधारणेच्या लाटेत १५५० मध्ये त्यातील ग्रंथ बाहेर काढण्यात आले आणि फडताळेही विकली गेली. रिकाम्या पडलेल्या या दालनाचे पुनरुज्जीवन सर टॉमस बॉडली (१५४५–१६१३) यांनी स्वखर्चाने केले व १६०२ मध्ये ते पुन्हा उघडले. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मिळावी म्हणून त्यांनी १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार केला. ही प्रथा पुढे कायद्याने रूढ झाली. आज तेथील मुद्रित साहित्याची संख्या १ कोटी ३० लाखांवर आहे. ग्रंथ बाहेर न देण्याचा नियम इतका कडक की, १६४५ मध्ये खुद्द पहिल्या चार्ल्सला आणि १६५४ मध्ये क्रॉमवेललाही नकार मिळाला. शेजारची घुमटाकार ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ ही वास्तू जेम्स गिब्झने डॉ. जॉन रॅडक्लिफ यांच्या देणगीतून १७३७–४९ या काळात बांधली.

पदवीदान समारंभातील गोंगाट चर्चमध्ये नको म्हणून शेल्डोनियन सभागृह (१६६४–६९) उभारण्यात आले. त्याचा वास्तुशिल्पी रेन हा त्या वेळी येथे खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्याजवळ १६८३ मध्ये ॲश्मोलियन हे ब्रिटनमधील पहिले सार्वजनिक संग्रहालय सुरू झाले. तिकिटाचे पैसे देईल त्याला आत सोडत. १७१० मध्ये आलेल्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाने सामान्य लोकांना, इतकेच नव्हे तर स्त्रियांनाही, तेथे सोडतात याबद्दल नापसंती नोंदविली आहे. संग्रह पुढे १८४५ च्या सुमारास बांधलेल्या मोठ्या इमारतीत गेला. तेथील प्रवेश आता विनामूल्य आहे.

धर्म व राजकारण : याच परिसरातील ब्रॉड स्ट्रीटच्या मधोमध रस्त्यात दगडी क्रूस बसविलेला दिसतो. मेरी राणीच्या कारकीर्दीत लॅटिमर व रिडली या प्रॉटेस्टंट बिशपांना १६ ऑक्टोबर १५५५ रोजी आणि आर्चबिशप क्रॅन्मर यांना २१ मार्च १५५६ रोजी येथे जिवंत जाळण्यात आले. त्यांचे स्मारक १८४३ मध्ये पूर्ण झाले. पुढे एलिझाबेथच्या काळात पारडे फिरले. १५८१ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्याला इंग्लिश चर्चच्या ३९ धर्मसूत्रांना मान्यता द्यावी लागे. त्यामुळे कॅथलिक, ज्यू व इतर पंथीय यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. हे निर्बंध १८५४ व १८७१ च्या कायद्यांनी दूर झाले. १६२१ मध्ये स्थापन झालेले वनस्पती-उद्यान हे ब्रिटनमधील असे सर्वांत जुने उद्यान होय. १२९० मध्ये ज्यूंना इंग्लंडमधून हद्दपार करण्यापूर्वी त्या जागेत त्यांचे दफनस्थान होते.

यादवी युद्धात (१६४२–४६) पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्डला राजधानी केली व स्वतः क्राइस्ट चर्चमध्ये मुक्काम ठोकला. विद्यापीठ राजनिष्ठ होते, तर नागरिकांत पार्लमेंटचे पक्षपाती पुष्कळ होते. जून १६४६ मध्ये शहर शरण आले. लढाईविना झालेल्या या शरणागतीमुळे इमारती वाचल्या.

भारत व महाराष्ट्राशी संबंध : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडेन यांच्या देणगीतून १८३२ मध्ये येथे संस्कृतचे अध्यासन सुरू झाले. बायबलच्या संस्कृत भाषांतराद्वारे धर्मांतरास साहाय्य हा देणगीचा घोषित हेतू होता. होरेस हेमन विल्सन हे पहिले प्राध्यापक होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८६० मध्ये झालेल्या निवडणुकीत मुंबईत जन्मलेले मोनिअर विल्यम्स व ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्यूलर यांच्यात चुरस झाली. मतदानाचा हक्क विद्यापीठाच्या एम्. ए. पदवीधरांना होता. त्यांतील बहुतेकांना संस्कृत येत नव्हते, पण धर्मप्रसाराबद्दल मात्र आस्था होती. मॅक्स म्यूलर हे ६१० विरुद्ध ८३३ मतांनी पराभूत झाले. तथापि सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांची आवृत्ती (१८४९–७४) येथूनच पूर्ण झाली. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर मॅक्स म्यूलर यांची सही होती. मोनिअर विल्यम्स यांनी भारतात हिंडून निधी जमविला व ‘इंडियन इन्स्टिट्यूट’ची इमारत (१८८३–९६) उभी केली. तिच्या शिखरावरील वायुदर्शकावर हत्तीची आकृती आहे. तेथील ग्रंथसंग्रह १९६८ मध्ये बॉडलियनच्या इमारतीत हलविण्यात आला आणि जुन्या वास्तूचा वापर अन्य विभागांसाठी होऊ लागला.

नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. कायद्याच्या बी. सी. एल्. परीक्षेस बसण्यासाठी त्यांना विद्यापीठाची खास परवानगी घ्यावी लागली. १८९२ मध्ये ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पदवी मात्र त्यांना १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी मिळाली. स्त्रियांसाठी लेडी मार्गारेट हॉल व सॉमरव्हिल ही वसतिस्थाने १८७९ मध्ये निघाली असली, तरी स्त्रियांना पदवीचा हक्क १९२० मध्ये मिळाला. त्यानंतरही १९२७ ते १९५७ या काळात त्यांच्या संख्येवर मर्यादा होती. पुरुषांच्या पाच महाविद्यालयांनी त्यांना १९७४ मध्ये प्रथम प्रवेश दिला.

आधुनिक शहर : रेल्वेमुळे विद्यार्थ्यांची शिस्त बिघडेल, या भीतीने विद्यापीठाने तिला विरोध केला. १८४४ मध्ये ती आली तरी १८६५ मध्ये रेल्वे-डब्यांच्या कारखान्याची योजना विद्यापीठीय विरोधामुळे बारगळली व कारखाना स्विंडनला गेला. महाविद्यालयांच्या फेलोंवरील ब्रह्मचर्याचे बंधन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिथिल झाले आणि त्यांच्या कुटुंबांनी शहराच्या उत्तरेस विटांच्या घरांचे नवे उपनगर भरून गेले. उद्योग अखेर नगराच्या बाजूने आला. सायकली दुरुस्त करणाऱ्या विल्यम मॉरिस यांनी १९१३ मध्ये कौली या उपनगरात मोटारी बनविण्यास प्रारंभ केला. वेल्ससारख्या मंदीग्रस्त भागांतून हजारो कामगार तेथे आले. लॉर्ड नफील्ड झालेल्या याच कारखानदाराने १९३६ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठी वीस लाख पौंड दिले व १९३७ मध्ये नव्या महाविद्यालयासाठी देणगी जाहीर केली. फ्लोरी, चेन, हीटली व त्यांचे सहकारी यांनी शुद्ध केलेले पेनिसिलीन फेब्रुवारी १९४१ मध्ये येथील रॅडक्लिफ रुग्णालयात एका पोलिसाला टोचण्यात आले. साठा संपल्याने तो वाचू शकला नाही, पण औषधाचा गुण सिद्ध झाला. वनस्पती-उद्यानासमोरील गुलाबांची बाग हे त्या संशोधनाचे स्मारक होय.

मोटारींनी शहराला संपत्ती दिली, तसाच धूर व गर्दीही दिली. स्थानिक हेडिंग्टन चुनखडक कोळशाच्या धुराने आधीच झिजला होता. १९५७ मध्ये विशेष निधी उभारून इमारतींचे दर्शनी भाग नव्या दगडाने दुरुस्त करण्यात आले. आज दिसणारा सोनेरी रंग पुष्कळ ठिकाणी या दुरुस्तीचा आहे. हाय स्ट्रीटची गर्दी कमी करण्यासाठी क्राइस्ट चर्चच्या कुरणातून रस्ता काढण्याची योजना दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घकाळ वादात राहिली व अखेर सोडून देण्यात आली. त्याऐवजी मोटारी शहराबाहेर उभ्या करून बसने आत येण्याची सोय १९७३ पासून करण्यात आली. कुरणात आजही गुरे चरतात आणि भिंतींच्या सान्निध्यात जुन्या गावाचे दृश्य टिकून आहे.

प्रेक्षणीय स्थळे व विहार : १८६० मध्ये उघडलेल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्याच वर्षी ३० जून रोजी डार्विनच्या सिद्धांतावर हक्स्ली व बिशप विल्बरफोर्स यांचा प्रसिद्ध वाद झाला. लोखंड व काचेच्या छताखाली तेथे जीवाश्म मांडलेले असून मागील पिट रिव्हर्स संग्रहालयात (१८८४) जगभरच्या लोकांच्या वस्तू प्रदेशवार न ठेवता प्रकारवार ठेवल्या आहेत. वसाहतकाळात मिळविलेल्या या वस्तूंबद्दल अलीकडे पुनर्विचार चालू असून मानवी मस्तकांचे अवशेष २०२० मध्ये प्रदर्शनातून काढण्यात आले. १७७४ मध्ये सुरू झालेल्या छपराखालच्या बाजारात मांस, फळे, पाव व चीज यांची दुकाने आजही आहेत.

चेरवेल नदीवर उन्हाळ्यात सपाट बुडाच्या ‘पंट’ नावाच्या होड्या भाड्याने मिळतात. त्या वल्ह्याऐवजी लांब काठी नदीच्या तळाला रेटून चालवितात. मॅग्डालेन महाविद्यालयाच्या मनोऱ्यावरून १ मे रोजी सकाळी सहा वाजता गायकवृंद स्तोत्र गातो. ते ऐकण्यासाठी पुलावर व रस्त्यावर विद्यार्थी, कामगार व प्रवासी अशी सर्वांची गर्दी जमते.

महाविद्यालयांतील प्रवेशाच्या वेळा वेगवेगळ्या असून परीक्षांच्या दिवसांत काही ठिकाणी तो बंद असतो. अनेक महाविद्यालये शुल्क घेतात, तर संग्रहालये सामान्यतः विनामूल्य आहेत. जुने शहर पायी पाहता येण्याइतके लहान आहे. कारफॅक्सपासून निघून मर्टन, सेंट मेरी, बॉडलियन व ब्रॉड स्ट्रीट असा फेरफटका एका दिवसात होतो. ज्या देवड्या एके काळी नागरिकांच्या, अन्यपंथीयांच्या व स्त्रियांच्या भीतीने किंवा तिरस्काराने बंद राहिल्या, त्यांतूनच आज प्रवासी आत जातात. त्या देवड्या उघडण्यास किती शतके लागली, हे लक्षात ठेवल्यास ऑक्सफर्डचे दर्शन अधिक सार्थ होते.